भिंतीपलीकडचा हत्ती

ही गोष्ट खरी आहे. पटत असेल तर वाचा, नसेल तर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडायला बसलेलो नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती तिघं माझी सख्खी मावसभावंडं. दादा, ताई आणि धाकटा.

त्यातला धाकटा आता नाही.

म्हणजे... नाही, असंच म्हणायचं.

आणि आधीच सांगून ठेवतो, रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. ऑफिस माणसांनी भरलेलं होतं. खाली रस्त्यावर गाड्या एकमेकींवर खेकसत होत्या. जिन्यात गवंडीकाम चालू होतं. अशा ठिकाणी भुतं येत नाहीत, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं.

तिघांचं नकाशे काढायचं ऑफिस. इमारतींचे नकाशे. ताई कंप्युटरवर काढायची, दादा गिऱ्हाइकं सांभाळायचा आणि धाकटा छापायचा. छापायचं मशीन मागच्या खोलीत. प्लॉटर म्हणतात त्याला. कमरेइतका उंच, पलंगाइतका लांब प्रिंटर. कागदाचं भलं मोठं भेंडोळं त्याच्या पोटात बसायचं. चालू झाला की आवाज यायचा... घर्र... घर्र... घर्र... आणि शेवटी कागद कापणारं पातं पडायचं. खटाक्!

धाकट्याने त्याचं नाव ठेवलं होतं, हत्ती.

नुसतं तोंडी नाही. मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन पठ्ठ्याने तेच नाव टाकलं होतं. कुठल्याही कंप्युटरवरून छापायला जा, प्रिंटरच्या यादीत दिसायचं, 'हत्ती'. गिऱ्हाइकं हसायची. "काय रे, हत्ती उपाशी आहे का?" म्हणायची.

पण या हत्तीला एक खोड होती. त्याच्या पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. कधी कधी चांगला झटका.

"दादा, बॉडीत करंट उतरतोय," धाकटा म्हणायचा. "अर्थिंग बघून घे ना एकदा."

"हे काम हातावेगळं होऊ दे, मग बघू."

ताईच्या देखत झालेलं बोलणं हे. ऑफिसात, घरी, जेवताना. धाकटा सांगायचा, दादा 'मग' म्हणायचा. तो 'मग' काही उजाडला नाही.

एका दुपारी धाकटा भेंडोळं बदलायला मागे गेला. घर्र घर्र झालं नाही. खटाक् झालं नाही. सगळे आपापल्या कामात. आवाज येत नाहीये हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. जेव्हा आलं, तेव्हा उशीर झाला होता.

दादाने सगळ्यांना एकच सांगितलं. डॉक्टरांना, चौकशीला आलेल्यांना, नातेवाइकांना, आईला म्हणजे माझ्या मावशीला. हात धुऊन आला आणि ओल्या हातानेच मशीनला भिडला. "अर्थिंग एकदम व्यवस्थित होतं. त्याचाच निष्काळजीपणा."

मग त्याने हत्ती भंगारात काढला. त्या खोलीची वीज तोडली. दारात विटा रचून घेतल्या, गिलावा केला, वरून पांढरा रंग. म्हणे, ती खोली डोळ्यांसमोर नको.

ताईने आकाशपाताळ एक केलं. दादाच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणाली. पण आई मध्ये पडली. "एक गेला माझा. आता तुम्ही दोघं तरी एकमेकांच्या जिवावर उठू नका." ताईने राग गिळला. गिळलेला राग पचतो थोडाच? ती ऑफिसात यायची, दादाकडे पाठ करून बसायची, आणि कीबोर्डवर बोटं अशी आपटायची की ऑफिसातली पोरं म्हणायची, ताई नकाशा काढतायत की खिळे ठोकतायत!

तिला सगळ्यात असह्य व्हायचं ते धाकटीचं बोलणं.

धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. त्याच्या माघारी ती ऑफिसच्या काउंटरवर बसायला लागली होती. तिने दादाचा शब्द खरा मानला होता. मोठा दीर कशाला खोटं बोलेल? ती येता जाता नवऱ्यावर चिडायची. "एवढी अक्कल नको माणसाला? ओले हात घेऊन विजेला भिडतात? आमचा काही विचार?" मेलेल्या माणसाशी भांडायची. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची.

ताई तिला म्हणायची, "अगं, तसं नाहीये ते." धाकटी म्हणायची, "ताई, तुम्ही बहीण आहात. तुम्हाला त्यांची चूक दिसणारच नाही."

असे बरेच महिने गेले.

मग दादाने नवा प्लॉटर आणला आणि पुढच्या हॉलमध्ये ठेवला. नेटवर्कवाल्याला बोलावून सगळं नव्याने जोडून घेतलं. आता कंप्युटर कुठल्याही कंपनीचा असो, ताईचा जुना डबा असो की दादाचा नवाकोरा पांढरा लॅपटॉप, काही टाकायला नको, काही जोडायला नको. छापा म्हटलं की आजूबाजूचे प्रिंटर आपोआप सापडणार. अगदी मोबाइलवरूनसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी ताईने छापायला बटण दाबलं. यादी उघडली.

वर नव्या प्लॉटरचं लांबलचक नाव होतं. आणि त्याच्या खाली...

हत्ती. तयार.

ताई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

तिला वाटलं, जुनं काहीतरी राहून गेलं असेल कंप्युटरात. तिने नाव पुसलं. यादी पुन्हा उघडली.

हत्ती. तयार.

तेवढ्यात पलीकडून दादाचा आवाज आला. चढलेला.

"हा फाजीलपणा कुणी केलाय?"

त्याच्या पांढऱ्या लॅपटॉपवर, जो धाकटा गेल्यानंतर घेतलेला होता, ज्याने तो हत्ती जन्मात पाहिला नव्हता, त्याच्यावरही तेच नाव होतं.

आणि काउंटरवरून धाकटी उठून आली. हातात मोबाइल. तिने नुसता मोबाइल पुढे धरला.

दादा सरळ ताईवर धावून गेला. "तूच! नव्या मशीनला दुसरं नाव दिलंयस तू. मला छळायला!"

"मी?" ताई उभी राहिली. "मला तुला छळायचं असतं ना, तर यादीत नाव नसतं टाकलं. चौकात उभी राहून ओरडले असते."

"मग कुणी केलं?"

"तुझ्या मनाला विचार."

नेटवर्कवाल्याला पुन्हा बोलावलं. साधा, बडबड्या माणूस. तो हसत हसत समजावून सांगायला लागला. "काही नाही हो, सोपं आहे. कंप्युटर काय करतो, नेटवर्कमध्ये हाक मारतो. कुणी प्रिंटर आहे का रे? जो असतो तो ओ देतो. मी आहे, माझं नाव अमुक, मला हे हे छापता येतं. की झाली ओळख."

"मग हा कोण ओ देतोय?" ताईने विचारलं.

"बघतो ना."

त्याने नवा प्लॉटर बंद केला. हत्ती तयार. वायफाय बंद केलं. हत्ती तयार. मग तो कोपऱ्यातल्या त्या डबीकडे गेला, जिच्यात सगळ्या केबल येऊन मिळतात. एकेक केबल उपटत गेला. एकेक दिवा विझत गेला.

एक दिवा विझेना. हिरवा. लुकलुक... लुकलुक...

"ही केबल कुठे जाते?"

केबल भिंतीत जात होती. पांढऱ्या, गुळगुळीत भिंतीत, जिथे पूर्वी दार होतं.

त्याने केबल हळूच ओढली. ती अडखळलीच नाही. सरसर बाहेर आली आणि तिचं टोक त्याच्या हातात आलं. तुटकं टोक. भिंत बांधताना गवंड्याने छाटलेलं, चुन्याने माखलेलं.

त्याने दुसरं टोकही डबीतून उपसून काढलं. आता त्या जागी काहीच नव्हतं. नुसतं रिकामं भोक.

दिवा लुकलुकतच होता...

नेटवर्कवाल्याची बडबड थांबली. त्याने सगळ्या केबल जशा होत्या तशा लावल्या, पिशवी भरली आणि निघाला. जिन्याशी ताईने त्याला गाठलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही त्याला हाक मारू नका. म्हणजे तो ओ देणार नाही."

पण हाक मारायची नाही म्हणजे काय? छापायचा धंदा. प्रत्येक बटणासरशी कंप्युटर हाक मारणारच.

दादाने फर्मान काढलं, त्या नावाकडे लक्ष द्यायचं नाही. नवं मशीन निवडायचं आणि मुकाट्याने काम करायचं. ताई म्हणते, मला भीती वाटलीच नाही. राग आला. सख्खा भाऊ गेला तेव्हाही याने 'लक्ष देऊ नका' म्हटलं, आणि आज तो ओ देतोय तरीही हा तेच म्हणतोय!

आणि मग ती दुपार.

एका शाळेचा नकाशा तातडीने द्यायचा होता. गिऱ्हाईक फोनवर दादाच्या डोक्यावर बसलेलं. दादाने घाईघाईत बटण दाबलं.

नवा प्लॉटर ढिम्म.

"काय झालं याला?" दादाने पुन्हा दाबलं. स्क्रीनकडे नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. घाईत त्याने यादी बघितलीच नव्हती. लॅपटॉपने आपल्या मनानेच प्रिंटर निवडला होता.

हत्ती. छापत आहे.

ऑफिसात कुणीतरी पंखा बंद केल्यासारखी शांतता झाली.

आणि भिंतीच्या पलीकडून...

घर्र...

घर्र...

घर्र...

काउंटरवर धाकटी ताडकन उठली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. फोनवर नवऱ्याशी बोलताना तिने तो मागे हजारदा ऐकलेला.

"बंद करा ते," दादा ओरडला. कुणाला सांगत होता कोण जाणे. त्याने लॅपटॉप बंद केला, वायर उपटली. पलीकडचा आवाज चालूच. सावकाश. मन लावून कुणीतरी काम करत असावं तसा.

ताई तरातरा जिन्यात गेली. गवंडी "अहो बाई, अहो..." म्हणेपर्यंत तिने त्याचा घण उचलला होता.

"ताई, वेडी झालीस का? ठेव तो!"

"बाजूला हो, दादा."

"भिंतीला हात लावलास तर याद राख!"

"का रे? काय आहे आत? निष्काळजीपणाच आहे ना? बघू दे की मग सगळ्यांना, कसा दिसतो निष्काळजीपणा!"

पहिला घाव बसला. गिलाव्याचा पापुद्रा उडाला. दादाने तिचा दंड धरला, तिने तो हिसडा देऊन सोडवला. दुसरा घाव. तिसरा. तिचा श्वास फुलला, केस सुटले, हाताची सालटी निघाली. पलीकडे घर्र घर्र चालूच होतं. घाव आणि आवाज, घाव आणि आवाज...

एक वीट आत पडली.

त्याच क्षणी...

खटाक्!

आणि सगळं शांत.

त्या भोकातून हवा बाहेर आली. गरम. बराच वेळ चाललेल्या मशीनच्या मागून येते ना, तशी.

ताईने माणूस जाईल एवढी वाट केली. आत कुणी नव्हतं. काहीच नव्हतं. जाळीच्या खिडकीतून मळकट उजेड येत होता. जमिनीवर धुळीचा जाड थर, अगदी सारखा. त्याच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हत्तीच्या चाकांचे जुने डाग तेवढे फरशीवर होते. कागद? कागदाचा तुकडाही नाही.

पण समोरच्या भिंतीत प्लगचा बोर्ड उघडा होता.

त्याचं झाकण काढून खिडकीत ठेवलेलं होतं. शेजारी स्क्रू. एका ओळीत, नीट लावून. जो माणूस काम अर्धवट टाकून जरा उठलाय, तो ठेवतो तसे.

आणि उघड्या बोर्डातून एक हिरवी तार लोंबत होती. कशालाच न जोडलेली.

ताईने मोबाइल काढून फोटो घेतला. धाकटी तिच्या पाठोपाठ आत आली. तिने ती तार हातात धरली. खोलीची वीज कधीच तोडलेली, म्हणून बरं. तांब्याचं टोक तिच्या बोटात घुसलं, रक्त आलं. तिला ते कळलंही नाही.

"ही कसली तार?"

"अर्थिंगची," ताई म्हणाली. "ही जोडलेली असती तर तो आज इथे उभा असता. हत्तीला शिव्या घालत."

धाकटीने तार सोडली. मग ती वळली. दादा भोकाच्या पलीकडे उभा होता, अंगावर चुना उडालेला.

"तुम्ही मला त्यांना शिव्या घालायला लावल्यात," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "एवढे महिने. मी रोज त्यांना शिव्या घातल्या, दादा."

"मला... मला खरंच माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं?" ताई म्हणाली. "मग भिंत कशाला घातलीस?"

दादा अंगावरचा चुना झटकायला लागला.

संध्याकाळी आईच्या कानावर गेलं आणि ती जागच्या जागी कोसळली. दवाखान्यात न्यावं लागलं. आईच्या उशाशी ताई, पायथ्याशी दादा. सकाळपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. हे मी मुद्दाम सांगतोय. मीही त्या खोलीत होतो. दादा तिथून उठला नाही. एवढी एकच गोष्ट अशी आहे, जिची मी शपथ घेऊ शकतो.

सकाळी आईला बरं वाटल्यावर ताई वायरमनला घेऊन ऑफिसात गेली. आधी तार बघून घ्या, साक्षीला राहा, आणि मग जोडा, असं तिने त्याला बजावलं होतं. दादाही मागोमाग आला. धाकटी आधीच येऊन बसली होती. भोकासमोर खुर्ची टाकून, राखण करावी तशी. ऑफिसचं कुलूप तिनेच उघडलं होतं.

वायरमन आत गेला. लगेच बाहेर आला. वैतागलेला.

"ताई, मला कशाला बोलावलंत? जोडलेलं आहे की सगळं."

ताई आत धावली.

बोर्ड बंद होता. झाकण बसवलेलं. स्क्रू घट्ट. खिडकी रिकामी.

वायरमनने झाकण उघडून दाखवलं. हिरवी तार जागच्या जागी. नीट पीळ देऊन, घट्ट आवळून बसवलेली. "ज्याने केलंय त्याने काम चोख केलंय," तो म्हणाला.

खाली धुळीत कालची पावलं होती. ताईची आणि धाकटीची. वायरमनची आत्ताची सोडली, तर तिसऱ्या कुणाची नाहीत.

दादा बघत होता. हळूहळू त्याची मान वर झाली. गळ्यात आवाज परत आला.

"मी म्हणत होतो ना? जोडलेलीच होती!"

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "काल सगळ्यांनी बघितलंय! फोटो आहे माझ्याकडे!" तिने मोबाइल काढला. फोटो उघडला.

आणि मोबाइल तसाच खाली घेतला.

फोटोत तीच भिंत होती. तीच खिडकी, तोच मळकट उजेड. बोर्ड बंद होता. झाकण बसवलेलं होतं.

"दाखव की," दादा म्हणाला. "दाखव ना सगळ्यांना."

ऑफिसातली पोरं मान खाली घालून उभी. काल बघितलेलं आज खरं वाटेना त्यांना. कोण बोलणार मालकासमोर?

धाकटी खुर्चीतून उठली. दादाच्या पुढ्यात आली आणि तिने उजव्या हाताचं बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. बोटावर जखम होती. कालचीच, काळपट पडलेली, मधे तांब्याच्या तारेचा बारीकसा तुकडा अडकलेला.

"हे काढू नका कुणी," ती म्हणाली. "आधी ह्यांना बघू द्या."

दादाने बघितलं. मग तो आपल्या टेबलापाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानंतर त्याच्या तोंडून 'निष्काळजीपणा' हा शब्द कुणी ऐकलेला नाही. कबुलीही नाही. काहीच नाही.

ताई आणि धाकटी त्याच दिवशी तिथून बाहेर पडल्या. निघण्याआधी ताईने शेवटचं एकदा बटण दाबून यादी उघडली. नव्या प्लॉटरचं नाव होतं. खाली काही नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. पुन्हा.

कुणीही ओ दिली नाही.

परवा मी ताईकडे गेलो होतो. विषय काढायचा नव्हता, पण निघालाच. मी म्हटलं, "ताई, एक सांगू? मला वाटतं त्याला तेवढंच हवं होतं. तार जोडली, सुटला."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

"तेवढंच?" ती म्हणाली. "ती तार उघडी होती म्हणून जग त्याचं ऐकणार होतं. ती त्याने जोडून टाकली. माझ्या फोटोतसुद्धा जोडून टाकली. कुणाला वाचवलं त्याने? मला? धाकटीला? की दादाला?"

ती थांबली नाही.

"दादा कधी माझ्यासमोर आला तर त्याला काय बोलायचं ते माझं ठरलेलं आहे. पण तो..." तिचा आवाज कापायला लागला. भीतीने नाही. "तो जर कधी समोर आला ना, तर आधी त्याच्या दोन थोबाडीत देणार आहे मी."

असं म्हणून तिने दाराकडे बघितलं.

मीही बघितलं. का, ते मला सांगता येणार नाही.